रोमन नाण्यावरचं अक्षर खरंच चुकलंय का? नव्याने नाणी वाचणाऱ्यांसाठी

माझ्याकडे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं एक छोटं ब्राँझचं नाणं आहे. मागच्या बाजूला दोन सैनिक, मध्ये दोन ध्वज, आणि कडेने 'ग्लोरिया एक्सेर्कितुस', म्हणजे सैन्याचा गौरव. अशी नाणी इ.स. ३३० ते ३३५ या काळात साम्राज्यभरच्या टाकसाळींनी अमाप पाडली. माझ्या नाण्यावर मात्र 'एक्सेर्क'नंतर थेट 'तुस' येतं. मधला 'आय' गायब. विकणाऱ्याने 'अक्षर चुकलेलं, दुर्मिळ' म्हणून जास्त पैसे सांगितले आणि मी ते आनंदाने दिले.

दोन वर्षांनी एका संध्याकाळी टेबलावरचा दिवा खाली आडवा करून तेच नाणं भिंगाखाली फिरवत होते. 'सी' आणि 'टी'च्या मधल्या मोकळ्या जागेत, अगदी तळाशी, खसखशीच्या दाण्याएवढा एक उंचवटा चमकला. नाणं थोडं कलतं केलं तर त्याच्या वर केसाएवढी एक उभी रेघही दिसली. तो 'आय'चा पाय होता. कोरणाऱ्याने अक्षर नीट कोरलं होतं. ठशाच्या त्या बारीक खाचेत मळी भरली होती, म्हणून ते नाण्यावर उमटलं नव्हतं. मी सतराशे वर्षं एका कारागिराच्या माथी असलेला खोटा आळ विकत घेतला होता.

तेव्हापासून 'चूक' हा शब्द उच्चारण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: ही गोष्ट घडली कुठे? ठसा कोरताना, नाणं ठोकताना, नंतरच्या शतकांत जमिनीखाली आणि लोकांच्या हातात, की आत्ता माझ्या डोळ्यांत? खाली दिलेला क्रम याच प्रश्नाचा आहे. रोमन अक्षरं मी त्यांच्या आपल्याला सवयीच्या इंग्रजी नावांनीच लिहिते आहे.

आधी उजेड, मग भिंग

सराफाकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. त्याहून महत्त्वाचा उजेड. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली झिजलेलं अक्षर सपाट दिसतं. मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या पातळीला जवळजवळ टेकवून धरा आणि नाणं हळूहळू गोल फिरवा. झिजलेल्या अक्षराची एक कड सावली टाकते आणि ते उठून दिसतं. फोटो काढायचे तर उजेड डावीकडून एक आणि उजवीकडून एक असे दोन काढा. एकाच फोटोवर भरवसा ठेवला तर खड्डा उंचवट्यासारखा दिसून फसगत होते. ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा घ्या, तो शेवटी कामाला येईल.

नाणं घासू नका. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यातलं काही नको. हिरवट-तपकिरी थराबरोबर अक्षराची कडही जाते, आणि मग ते अक्षर काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

रोमन अक्षरांची सवय करून घ्या

नवख्यांना सापडणाऱ्या निम्म्याहून अधिक 'चुका' इथेच विरून जातात. रोमन नाण्यावर 'यू' नसतो, त्या जागी 'व्ही' असतो. 'जे' नाही, तिथे 'आय'. दोन शब्दांत जागा सोडायची सक्ती नाही. उलट सम्राटाचं डोकं, भाल्याचं टोक, देवीचा पाय जिथे मध्ये येतो तिथे शब्द तुटतो, मग तो शब्दाचा मध्य का असेना. माझ्या त्या नाण्यावर 'ग्लोर' आणि 'इया' असेच दोन तुकडे आहेत, आणि ती त्या नाण्यांची नेहमीची मांडणी आहे.

दुसरी गोष्ट संक्षेपांची. 'आय-एम-पी' म्हणजे इम्पेरातोर, 'ए-व्ही-जी' म्हणजे ऑगस्टस ही सम्राटाची पदवी, 'टी-आर-पी' म्हणजे ट्रिब्यूनचा अधिकार, 'सी-ओ-एस' म्हणजे कॉन्सल, 'पी-पी' म्हणजे राष्ट्रपिता. तांब्या-पितळेच्या मोठ्या नाण्यांवरचं 'एस-सी' म्हणजे सेनेटच्या ठरावाने. एवढी पाच-सहा पाठ झाली की बरीचशी नाणी बोलू लागतात.

तिसरी गोष्ट विभक्ती, आणि ती मराठी माणसाला समजायला सोपी. ट्रेजनच्या कितीतरी नाण्यांवर 'ट्रायानुस' नसून 'ट्रायानो' असतं. शेवटचा 'एस' राहिला असं वाटतं. पण मागच्या बाजूचा मजकूर वाचा: 'रोमचं सेनेट आणि जनता, सर्वोत्तम राजाला'. ते 'ट्रायानो' म्हणजे 'ट्रेजनला', चतुर्थी. पुढची आणि मागची बाजू मिळून एक वाक्य होतं. मृत्यूनंतर देवत्व दिलेल्या क्लॉडियस दुसऱ्याच्या नाण्यांवर 'दिवो क्लाउदियो' येतं तेही असंच. आपण 'रामाला' या शब्दात 'ला' चुकून आला असं म्हणणार नाही.

मजकूर बहुतेक वेळा खाली डावीकडून, घड्याळात सात-आठ वाजतात तिथून सुरू होऊन घड्याळाच्या दिशेने फिरतो. व्हेस्पासियन आणि टायटसच्या काही नाण्यांवर तो उलट दिशेने जातो. त्यातही चूक काही नाही.

कागदावर जसंच्या तसं उतरवा

वही घ्या आणि दिसतं ते एकेक अक्षर लिहा. अर्थ लावू नका, दुरुस्त करू नका. न दिसलेल्या अक्षराच्या जागी टिंब, अर्धवट दिसलेल्याखाली रेघ, जिथे मजकूर तुटतो तिथे आडवी रेघ. हे कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं तेच. आपला मेंदू ओळखीचा शब्द दिसला की राहिलेली अक्षरं स्वतःच भरतो. मुद्रितशोधन केलेल्या कुणालाही विचारा. खरी चूक म्हणूनच निसटते, आणि नसलेली चूक याच कारणाने दिसते.

ठोकताना झालेलं वेगळं काढा

रोमन नाणं हाताने पडायचं. एक ठसा खाली ऐरणीत बसवलेला, बहुतेक वेळा सम्राटाच्या चेहऱ्याचा. दुसरा, मागच्या बाजूचा, छिन्नीसारखा वरून हातात धरलेला. मध्ये तापवलेली कोरी चकती, आणि वर हातोडा. इ.स. ११५ मधले रोममधले शिलालेख टाकसाळीतल्या या माणसांची पदं सांगतात: ठशांची जबाबदारी असणारे, चकती ठेवणारे आणि हातोडा मारणारे वेगवेगळे होते. म्हणजे नाण्यावर जे दिसतं ते एका माणसाचं काम नव्हे, आणि दोष शोधताना माणूसही बरोबर ओळखायला हवा.

हातोडा मारणाऱ्यांच्या बाजूने होणाऱ्या गोष्टी अशा. चकती सरकली की छाप एका कडेला जाते आणि अर्धा मजकूर नाण्याबाहेर राहतो. पहिल्या घावानंतर नाणं किंचित हललं आणि दुसरा घाव बसला की अक्षरं जोडीने उमटतात: 'ओ' दोनदा, नाक दोनदा. दुहेरी अक्षर दिसलं की लगेच चेहऱ्याची रेघ बघा. तीही त्याच अंतराने, त्याच दिशेला सरकून दुहेरी झाली असेल तर तो दुसरा घाव, कोरणाऱ्याचा त्यात हात नाही. फक्त एकच अक्षर दुहेरी आणि बाकी सगळं स्वच्छ, तर मात्र पुढच्या पायरीवर या.

ठशाला तडा गेला तर त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उंच, वेडीवाकडी रेघ येते. ती 'व्ही'च्या मधून गेली की तो उलटा 'ए' भासतो. ठशाच्या खाचेत घाण भरली की अक्षर बुजतं. माझ्या नाण्याचं झालं ते हेच. चकती तापवलेली, हवेत धूळ आणि काजळी, ठशातल्या रेघा बारीक, असं होणारच. आणि अशी बुजलेली खाच साफ होईपर्यंत एकामागून एक कितीतरी नाण्यांवर तेच अक्षर गायब राहू शकतं. म्हणून दोन नाण्यांवर तोच दोष दिसला, एवढ्यावरून तो कोरणाऱ्याचा ठरत नाही.

यातला सगळ्यात देखणा प्रकार असा: सम्राटाचा चेहरा पुढे उठावदार, आणि नाणं उलटलं तर तोच चेहरा आत खचलेला, आरशातल्यासारखा, मजकूरही उलटा. पाडलेलं नाणं वरच्या ठशात अडकून बसलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढच्या चकतीवर खालून चेहऱ्याचा ठसा उमटला, आणि वरून अडकलेल्या नाण्याच्या चेहऱ्याची खोल छाप. उलटी अक्षरं बघून 'कोरणाऱ्याला लिहिता येत नव्हतं' असं म्हणू नका. खोलगट आहेत की उठावदार हे आधी बोटाने नव्हे, आडव्या उजेडाने तपासा.

कोरणाऱ्याचा हात

आता खऱ्या चुकांकडे. पण त्याआधी घरी एक प्रयोग करा. अर्धा बटाटा घ्या आणि त्यावर 'रमेश' कोरून कागदावर छाप उमटवा. नाव सरळ यायला हवं तर बटाट्यावर ते उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर आरशात दिसतं तसं कोरावं लागतं. रबरी शिक्के करणाऱ्यांना हे अंगवळणी पडलेलं असतं. तुमचा मात्र तिसऱ्या अक्षरापर्यंत हात अडखळेल. रोमन कारागीर हेच काम ब्राँझच्या किंवा लोखंडाच्या ठशावर करत होता, दोन-तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात, दोन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत.

म्हणून त्याच्या चुका ठरावीक जागी होतात. 'ए', 'एच', 'आय', 'एम', 'ओ', 'टी', 'व्ही', 'एक्स' ही अक्षरं आरशातही तशीच दिसतात, त्यांत उलटापालट होऊच शकत नाही. शोधायचं तर 'एस', 'एन', 'पी', 'आर', 'सी' यांत शोधा. उलटा 'एस' आणि उलटा 'एन' सर्वांत जास्त भेटतात, कारण त्यांचा सरळ आणि उलटा आकार एकमेकांच्या इतका जवळचा आहे की कोरतानाही शंका येत नाही. मजकूर वाचताना या अक्षरांपाशी थांबायची सवय लावा.

गाळलेलं अक्षर, दोनदा आलेलं अक्षर, जागा बदललेली दोन अक्षरं, या चुका आपणही रोज टाइप करताना करतो. पण आपल्याकडे मागे जायचं बटण आहे. ठशावर कोरलेली रेघ पुसता येत नाही. मग कारागीर काय करी? योग्य अक्षर त्याच जागी, जुन्या अक्षरावरच कोरी. नाण्यावर मग एकाच जागी दोन अक्षरांच्या रेघा एकमेकींत गुंतलेल्या दिसतात: 'सी'च्या पोटात 'ओ'ची कड, 'टी'च्या खांबाला चिकटलेला 'ई'चा दात. मघाशी जे 'फक्त एकच अक्षर दुहेरी' म्हटलं ते हेच. मला रोमन नाण्यांत याहून जिवंत काही वाटत नाही. तिथे एक माणूस थांबला, त्याला कळलं, आणि त्याने सुधारलं. हे सगळं दोन मिलिमीटरांत दिसतं.

जागेचा अंदाज चुकणंही फार मानवी आहे. सुरुवातीची अक्षरं ऐसपैस, आणि शेवटी 'ए-व्ही-जी'पाशी पोचेपर्यंत जागा संपत आलेली. मग शेवटचं अक्षर चिमुकलं, किंवा सम्राटाच्या खांद्याखाली कोंबलेलं. लग्नाच्या फलकावर नाव रंगवताना रंगाऱ्याचं होतं तसंच. संक्षेप कुठे तोडायचा याला नियम नव्हता, म्हणून एकाच प्रकारच्या नाण्यांवर मजकूर कमी-जास्त लांबीचा सापडतो. त्यातला आखूड म्हणजे चूक, असं धरू नका.

काही वेळा दोन्ही ठसे निर्दोष असतात, पण जोडी चुकलेली असते. पुढे एका माणसाचा चेहरा, मागे दुसऱ्याच्याच पदांचा मजकूर. व्हेस्पासियन, टायटस आणि डोमिशियन या बाप-लेकांच्या नाण्यांत असे संकर आढळतात. असं नाणं हाती आलं की आधी वजन करा आणि कडा बघा. अशा पुष्कळ नाण्यांत आत तांबं आणि वर चांदीचा पातळ पत्रा निघतो. नकली पाडणाऱ्याकडे मिळतील ते ठसे असत, जोडी जुळण्याची फिकीर त्याला कशाला?

आणि मग येते अशी एक 'चूक', जिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला आहे. गॅलिएनस (इ.स. २५३ ते २६८) याच्या सोन्याच्या काही नाण्यांवर त्याचा दाढीवाला चेहरा आहे, डोक्यावर धान्याच्या कणसांसारखी माळ आहे, आणि मजकूर आहे 'गाल्लिएने आउगुस्ते', तोही दोन्ही शब्दांच्या शेवटी 'ए-ई' ही जोडी लावून. लॅटिनमध्ये ते स्त्रीलिंगी रूप होतं: 'गॅलिएना सम्राज्ञीला'. मागे लिहिलंय 'सर्वत्र शांतता'. त्याच्या राज्यात तर जिकडेतिकडे बंड आणि आक्रमणं चालू होती, त्यामुळे कुणी म्हणालं ही टाकसाळीतल्या लोकांनी केलेली चेष्टा. कुणी म्हणालं, कणसांची माळ बघा, त्याने स्वतःला धान्यदेवीच्या रूपात दाखवलंय. तिसरं मत मला सगळ्यात जवळचं वाटतं. त्या काळी बोलताना 'ए-ई' आणि नुसता 'ई' यांचा उच्चार एक झाला होता. संबोधन करायचं होतं, 'हे गॅलिएनस, हे ऑगस्टस', त्याला शेवटी नुसता 'ई' पुरला असता. लिहिणाऱ्याने जास्त शुद्ध लिहायच्या नादात दोन अक्षरं घातली. आपल्याकडे 'कि' आणि 'की'चा, 'न' आणि 'ण'चा जो घोळ होतो, तो याच जातीचा. कान एक सांगतो, शुद्धलेखन दुसरं. सोन्याच्या नाण्यावर सम्राटाच्या नावात हलगर्जीपणा झाला असेल यावर माझा विश्वास बसत नाही, आणि म्हणूनच हे नाणं नवख्याने नीट बघावं. विचित्र मजकूर दिसला की 'कारागीर अडाणी' हे उत्तर शेवटी द्यायचं असतं.

पूर्वेकडच्या टाकसाळींत, उदाहरणार्थ अँटिओकला, स्पेलिंगचा गोंधळ जास्त सापडतो. तिथे लोकांची रोजची लिपी ग्रीक. लॅटिन मजकूर समोरचा नमुना बघून उतरवायचा. पेसेनियस नायगर आणि सेप्टिमियस सेव्हेरस या प्रतिस्पर्धी सम्राटांच्या पूर्वेकडच्या चांदीच्या नाण्यांवर सरावायला बसलात तर महिना पुरणार नाही.

चुकीसारखं दिसतं, पण मुद्दाम केलेलं

'ए-व्ही-जी' माहीत झालं की 'ए-व्ही-जी-जी' खटकतं. 'जी' दोनदा कशाला? लॅटिन संक्षेपात अनेकवचन असं दाखवतात: दोन 'जी' म्हणजे दोन सम्राट, तीन 'जी' म्हणजे तीन. यात एक मोठी कथा आहे. इ.स. २८६ मध्ये कॅराउसियस या नौदलाच्या सेनापतीने बंड करून ब्रिटन आणि उत्तर गॉलचा, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचा, काही भाग बळकावला. त्याच्या काही नाण्यांवर 'शांतता, तीन सम्राटांची' असं तीन 'जी' घालून लिहिलंय. बाकीचे दोन म्हणजे रोमचे खरे सम्राट डायोक्लेशियन आणि मॅक्सिमियन. त्यांनी याला कधीच आपल्यातला मानलं नाही. याने मात्र एका नाण्यावर तिघांचे चेहरे शेजारी-शेजारी कोरून 'कॅराउसियस आणि त्याचे भाऊ' असं लिहून टाकलं. एका जादा 'जी'त केवढं राजकारण मावलंय!

त्याच्याच चांदीच्या नाण्यांच्या तळाशी 'आर-एस-आर' अशी तीन अक्षरं असतात. टाकसाळीच्या नावाशी ती जुळत नाहीत. बरीच वर्षं तो एका वित्त-अधिकाऱ्याच्या पदाचा संक्षेप समजला गेला. मग १९९०च्या दशकात गाय द ला बेद्वायेर या अभ्यासकाने दाखवलं की एका पदकावर 'आय-एन-पी-सी-डी-ए' अशी आणखी सहा अक्षरं आहेत, आणि दोन्ही मिळून रोमन कवी व्हर्जिलच्या चौथ्या गोपगीतातल्या लागोपाठच्या ओळींमधल्या शब्दांची आद्याक्षरं होतात: सुवर्णयुग परत येत आहे, नवी पिढी स्वर्गातून उतरत आहे. बंडखोराने कवितेतून आपला दावा मांडला होता.

प्रोबसच्या (इ.स. २७६ ते २८२) नाण्यांवर बाजूला एकेक सुटं अक्षर दिसतं: 'ई', 'क्यू', 'व्ही', 'आय', 'टी'. एकटं नाणं बघून काही कळत नाही. तिसिनुम, म्हणजे आजचं इटलीतलं पाव्हिया, तिथल्या टाकसाळीच्या सहा कार्यशाळांची नाणी ओळीने ठेवली की 'एक्विति' हा शब्द तयार होतो. रोमच्या टाकसाळीने सात कार्यशाळांत याच शब्दाचं सात अक्षरी रूप वाटून दिलं. पुढे सिसियाच्या, आजच्या क्रोएशियातल्या टाकसाळीने डायोक्लेशियनसाठी जुपिटरचं आणि मॅक्सिमियनसाठी हर्क्युलिसचं नाव असंच तुकड्यांत लपवलं.

सम्राट ऑरेलियनच्या नाणेसुधारणेनंतर, इ.स. २७४ च्या सुमारापासून, तळाशी येणारं 'एक्स-एक्स-आय' ही तारीख नाही आणि चूकही नाही. ती वीसास एक या प्रमाणाची खूण, बहुधा वीस भाग तांब्याला एक भाग चांदी. पूर्वेकडे तीच ग्रीकमध्ये 'कप्पा-आल्फा' अशी दिसते. कार्यशाळांचे क्रमांकही तिथे ग्रीक अक्षरांत असतात, त्यामुळे तीन क्रमांकाचा 'गॅमा' मोडक्या 'टी'सारखा भासतो.

मार्क अँटनीने ॲक्टियमच्या लढाईआधी, इ.स.पू. ३२-३१ मध्ये, आपल्या सैन्यदलांच्या नावे चांदीची नाणी पाडली. चौथ्या दलासाठी चार उभ्या रेघाही आहेत आणि 'आय-व्ही'ही. नवव्यासाठीही दोन्ही रीती. रोमन लोकांना दोन्ही मान्य होत्या, आणि घड्याळाच्या तबकडीवर चारला चार रेघा आजही असतात. या नाण्यांबाबत सावधगिरी वेगळीच हवी. पहिल्या दलाचं नाणं अतिशय दुर्मिळ असल्याने इतर आकड्यांच्या रेघा खरवडून 'एक' केलेली नाणी बाजारात येतात. आकड्याच्या आसपासची जमीन, म्हणजे नाण्याचा सपाट भाग, बाकीपेक्षा खोल किंवा जास्त गुळगुळीत दिसली तर हात मागे घ्या.

तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या 'ए'ला मधली आडवी रेघ बहुधा नसते आणि 'एम' कधी चार उभ्या रेघांचा असतो. घाईत, सुट्या टाक्यांनी अक्षर उभं करायची ती पद्धत होती.

ज्याला वाचता येत नव्हतं त्याचं नाणं

कधी नाणं हातात येतं आणि मजकुराच्या जागी नुसत्या रेघा, गोल आणि काट्या दिसतात. चेहऱ्यावर किरणांचा मुकुट, पण नाक-डोळे मुलाने काढल्यासारखे. हे बहुधा गॉल किंवा ब्रिटनमधलं स्थानिक अनुकरण. टेट्रिकसच्या (इ.स. २७१ ते २७४) आणि देवत्व दिलेल्या क्लॉडियसच्या नाण्यांच्या नकला तिथे प्रचंड संख्येने झाल्या, कारण रोजच्या व्यवहाराला सुटे पैसे कमी पडत होते. चौथ्या शतकाच्या मध्यात घोड्यावरून पडणाऱ्या शत्रूच्या नाण्याचंही असंच झालं. इथे एकेका अक्षराची चूक मोजण्यात अर्थ नाही. कोरणाऱ्याला अक्षर हे चित्र होतं. चेहराही मुळापेक्षा उलट दिशेला बघत असेल आणि सगळा मजकूरच आरशातला असेल, तर त्याने समोर नाणं ठेवून, जसं दिसतं तसं थेट ठशावर उतरवलं, एवढं नक्की.

असं नाणं बघायला गॉलला जायची गरज नाही. रोमन सोनं आणि चांदी पहिल्या शतकापासून दक्षिण भारतात येत होती, आणि इथल्या कारागिरांनी केलेल्या रोमन सोन्याच्या नाण्यांच्या नकलांवर लॅटिन मजकुराचं हेच झालेलं दिसतं. आपल्या नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली, क्षहरात राजा नहपानाची. त्यांतली दोनतृतीयांशाहून जास्त गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारून पुन्हा चलनात आणलेली. नहपानाच्या चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं आहेत, पण भाषा प्राकृत. 'नहपान' लिहिताना 'ह'साठी 'एच'चा आकार वापरलाय. त्या काळच्या ग्रीकमध्ये तो आकार 'ह'चा उरला नव्हता, लॅटिनमध्ये मात्र होता. या ठशांवर ग्रीक मजकूर ठिकठिकाणी बिघडलेला सापडतो, तर मागच्या बाजूची ब्राह्मी बरीच नीट. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ग्रीक अक्षरांची नुसती नक्षी उरते. ज्याला जी लिपी येत होती ती त्याच्या हातात टिकली. गॉलमधल्या रेघा आणि जोगळटेंभीची ग्रीक अक्षरं शेजारी ठेवून बघा, एकच हात चालल्यासारखा वाटतो.

ठरवण्याआधी

आता पडताळणी. तुमच्या वहीतला मजकूर 'ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर' या खुल्या संग्रहात शोधा. तिथे संग्रहालयांतल्या नाण्यांचे फोटो आहेत. तुम्ही चूक समजलेला मजकूर नोंदलेला प्रकारच निघण्याची शक्यता बरीच असते. नाहीच निघाला तर त्याच ठशाचं दुसरं नाणं शोधा. ठसा ओळखायचा तो अक्षरांच्या अंतरांवरून: मुकुटाचं टोक कोणत्या अक्षराच्या समोर येतं, कानाची पाळी कुठे, शेवटचं अक्षर खांद्यापासून किती लांब. हाताने कोरलेल्या दोन ठशांत ही अंतरं हुबेहूब जुळत नाहीत. त्याच ठशाच्या दुसऱ्या नाण्यावर अक्षर असेल तर तुमच्यावर ते बुजलंय. तिथेही नसेल, आणि तुमच्या नाण्यावर त्या जागी जमीन स्वच्छ आणि सपाट असेल, शेजारची अक्षरं सरकून जवळ आलेली असतील, तर कोरणाऱ्यानेच ते गाळलंय. गाळलेल्या अक्षराची जागा कुणी मोकळी सोडत नाही. माझ्या नाण्यावर ती मोकळी होती, आणि हे मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं.

पैशांबद्दल स्पष्ट सांगते. आधुनिक नाण्यांत चुकीला भाव असतो, म्हणून रोमन नाण्यांतही असेल असं समजून जास्त पैसे देऊ नका. हाताने केलेल्या लाखो ठशांत चुका सर्रास आहेत. दोन 'दुर्मिळ चुका' एकाच जागी तोच खड्डा आणि तीच चीर घेऊन समोर आल्या, तर त्या साच्यात ओतलेल्या आधुनिक नकला असतात. वजन प्रमाणाबाहेर आणि अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ असतील तर तेही लक्षण तेच. भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि सरकारी परवानगीशिवाय ते देशाबाहेर पाठवता येत नाही. शेतात किंवा पाया खणताना नाणी मिळाली तर १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. कळवा, कारण नाणी कुठे आणि कशाबरोबर निघाली हे समजलं तरच त्यांच्यावरची अक्षरं पुरती वाचता येतात.

शेवटी नाण्याच्या पाकिटावर नोंद करा. वजन, व्यास, जसाच्या तसा मजकूर, आणि विचित्र गोष्ट कुठे आहे ते घड्याळाच्या भाषेत: 'मागे, दोन वाजता, उलटा एस, उठावदार'. 'चूक' हा शब्द पेन्सिलने लिहा. माझ्या त्या पाकिटावर तो खोडलेला आहे, आणि त्याच्या पुढे लिहिलंय: 'आय आहे. डावीकडून उजेड धरल्यास तळाशी दिसतो.'